कूलरला नवा वाळा, गाडीला जुनाच फिल्टर

होळी झाली की अकोल्यात घरोघरी एक काम निघतं. गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर खाली उतरतो. टाकीचा गंज खरवडायचा, आतून रंगाचा एक हात द्यायचा आणि तिन्ही बाजूंच्या ताट्या उघडायच्या. गेल्या उन्हाळ्याचं गवत तिथे तसंच असतं. क्षारांनी पांढरं पडलेलं, धुळीने जड झालेलं, मुठीत दाबलं की मोडणारं. ते फेकून नवं गवत भरायचं, ऐपत असेल तर वाळा. अमरावतीतही हेच, मूर्तिजापुरातही हेच. या कामासाठी कोणाला सरकारी परिपत्रक लागत नाही की कंपनीचं माहितीपुस्तक लागत नाही. जुनं गवत ठेवलं तर हवा कमी येते, कुबट वास सुटतो आणि पंखा नुसताच घरघरतो, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल.

आता त्याच घरासमोर उभी असलेली व्हॅन पाहा. तिच्या डॅशबोर्डामागेही कूलरच्या ताटीसारखीच एक वस्तू बसवलेली असते. बाहेरची हवा तिच्यातून गाळून आत येते. तीही धुळीने भरते, तिलाही वास येतो, ती भरली की तिथलाही पंखा घरघरतो. पण ती शेवटची कधी बदलली हे विचारलं, तर गाडीचा मालक, चालक आणि आत बसणारे सगळेच तुमच्याकडे असे पाहतात, जणू तुम्ही त्यांच्या पणजोबांची जन्मतारीख विचारली.

हा लेख त्या वस्तूबद्दल आहे. तिला कोणी केबिन फिल्टर म्हणतं, कोणी एसी फिल्टर, कोणी पोलन फिल्टर. माझं म्हणणं एवढंच आहे, की भाड्याच्या गाडीत बसणाऱ्याला श्वास घेण्याजोगी हवा मिळणं हे भाड्यातच धरलेलं असलं पाहिजे. ती मिळत नसेल, तर मालकाइतकाच दोष भाडं मोजून गप्प बसणाऱ्या आपल्यासारख्यांचाही आहे. हे मी कोणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. आधी मी स्वतः काय केलं ते सांगते.

*

मी अकोल्याची. नोकरी अमरावतीत. आमच्याकडे अशांना ‘अपडाउनवाले’ म्हणतात. गाड्यांच्या वेळा जमेनात म्हणून आम्ही सात जणांनी मिळून महिन्याच्या हिशोबाने एक व्हॅन लावली. गाडी एका मालकाची, चालक त्याचा पगारी. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते आम्हा बायकांना ताई आणि पुरुषांना सर. सकाळी साडेसातला निघायचं, संध्याकाळी सातला परत.

दुसऱ्या उन्हाळ्यात एसी लागला, की पहिली दोन मिनिटं ओल्या मोज्यांचा वास यायला लागला. मग हवाच कमी झाली. पंखा चारवर ठेवला तरी मागच्या सीटपर्यंत झुळूक येईना. आम्ही कुरकुर केली. मालकाने गाडी गॅरेजला पाठवली, तिथे एसीचा गॅस भरला गेला. महिनाभराने पुन्हा तेच, पुन्हा गॅस. तिसऱ्या वेळी मालक म्हणाला, यापुढचा गॅस तुमच्या वर्गणीतून. आम्ही तोही भरला. वासावर उपाय म्हणून आमच्यातल्या एकाने लिंबाच्या वासाची बाटली आणून डॅशबोर्डावर चिकटवली. भाऊंनी स्वतःचा एक उपाय शोधला. बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण असतं ना, गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं, ते त्यांनी कायमचं दाबून टाकलं. त्याने थोडं गार वाटायचं.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी कुरणखेडच्या अलीकडे गाडी डावीकडे सरकत सरकत रस्त्याच्या कडेच्या मुरमावर उतरली. मागून कोणीतरी ओरडलं, भाऊ दचकले, त्यांनी गाडी सावरली. काही झालं नाही. पण त्यांचा डोळा लागला होता. त्यांनी ते नाकारलं नाही. “डोकं जड होते ताई संध्याकाळी. काहून होते, मले समजत नाई,” एवढंच म्हणाले. आम्ही सुशिक्षित माणसं. आम्ही त्यांना रात्री मोबाइल पाहू नका, झोप पुरी करत जा, असं सुनावलं आणि मालकाला सांगून त्या महिन्यात त्यांचे पाचशे रुपये कापायला लावले. पुढच्या दिवाळीला त्यांनी नोकरी सोडली.

फिल्टर सापडला तो त्यानंतर. नव्या चालकाचा भाचा गाड्यांचं काम शिकत होता. त्याने समोरचा कप्पा उघडून, दोन्ही बाजू दाबून तो खाली लोंबता केला आणि मागची चपटी झाकणी काढून एक चौकट ओढली. आधी ती काय आहे तेच कळेना. पांढऱ्या घड्यांच्या जागी राखाडी नमद्यासारखा थर होता. त्यावर कापसाचे तंतू, कडुलिंबाची वाळलेली पानं, सोयाबीनचं कुटार, दोन मेलेले किडे, आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडून केलेला कागदाचा चुरा. आमच्या रस्त्याचं वर्षभराचं पंचांगच होतं ते. ऑक्टोबरातली मळणी, हिवाळ्यातल्या कापसाच्या गाड्या, मार्चमधली पानगळ, सगळं तारीखवार. पोरगं म्हणालं, “हा कंपनीतूनच लागलेला हाय. कवाच बदलला नाई.” गाडी तेव्हा सहा वर्षांची होती.

नवा फिल्टर चारशे रुपयांच्या आत आला. बसवायला दहा मिनिटं लागली. गॅस तीनदा भरण्यात गेलेले पैसे मी इथे मांडत नाही, लाज वाटते.

*

जरा हे यंत्र समजून घेऊ. बहुतेक गाड्यांत बाहेरची हवा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून, म्हणजे वायपर असतात तिथून आत ओढली जाते. कडुलिंबाखाली गाडी लावली, की पानं जमतात तीच ही जागा. तिथून हवा फिल्टरकडे येते, मग पंखा तिला एसीच्या थंड नळ्यांच्या जाळीवरून ढकलतो आणि ती तुमच्या तोंडावर येते. फिल्टर म्हणजे न विणलेल्या कृत्रिम तंतूंचं, पंख्यासारख्या घड्या घातलेलं कापड. घड्या यासाठी, की लहान चौकटीत मोठं कापड मावावं. अनेक फिल्टरांच्या तंतूंना कारखान्यात विद्युतभार दिलेला असतो. त्यामुळे छिद्रांतून निसटू शकतील असे बारीक कणही त्यांना चिकटतात. काहींत कोळशाचा थर असतो, तो वास आणि काही वायू शोषतो. साधा फिल्टर काही ऑपरेशन थिएटरची हवा देत नाही. पण जाड धूळ, परागकण आणि बारीक धुळीचा बराच वाटा तो अडवतो.

तो तुंबला की काय होतं? हवा कमी येते. माणसाला वाटतं गॅस संपला. पंख्याच्या मोटारीवर ताण येतो. ओल धरते, बुरशी होते, मोज्यांचा वास येतो. पावसाळ्यात काचेवर धुकं साचतं ते लवकर जात नाही, कारण ते घालवायलाही याच वाटेने हवा यावी लागते. आणि या सगळ्याला कंटाळून चालक आतली हवा फिरवण्याचं बटण दाबून ठेवतो. इथून खरा धोका सुरू होतो. आठ माणसं बंद डब्यात तीच हवा पुन्हा पुन्हा ओढतात आणि सोडतात. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. माणसांनी भरलेल्या बंद गाडीत तो थोड्याच वेळात हजारांच्या घरात जातो. डोकं जड होतं, जांभया येतात, लक्ष उडतं. भाऊंचा डोळा केवळ यामुळेच लागला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, दिवसभराचा थकवाही असेल. पण ज्या गोष्टीची शंका आम्हाला पहिल्यांदा यायला हवी होती, ती आम्हाला आलीच नाही आणि त्यांच्या खिशातून पाचशे रुपये गेले, हे मात्र छातीठोकपणे म्हणते.

आता एक गंमत पाहा. प्रत्येक गाडीत इंजिनासाठी वेगळा एअर फिल्टर असतो. तो आमच्या व्हॅनमध्ये वेळच्या वेळी साफ होत होता, बदललाही जात होता. मालकाच्या वहीत त्याच्या तारखा होत्या. का? कारण तो तुंबला की मायलेज पडतं, डिझेल जास्त लागतं आणि मालकाच्या खिशाला चाट बसते. माणसांचा फिल्टर तुंबला तर मायलेज माणसांचं पडतं, आणि ते कोणाच्याच वहीत लिहिलेलं नसतं. इंजिनाच्या नाकाची काळजी आणि माणसाच्या नाकाची हेळसांड, हा हिशोब एका मालकाच्या डोक्यातून निघालेला नाही. आपण सगळ्यांनी तो मान्य केलेला आहे.

*

हे बोलायला लागलं की ठरलेली उत्तरं येतात. ती एकेक घेऊ.

पहिलं उत्तर असं, की “हे एसीवाल्यांचे चोचले आहेत. वऱ्हाडी माणसाने जन्मभर धूळ खाल्ली, त्याला काय झालं?” काय झालं ते कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या छातीच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन पाहावं. आणि वऱ्हाडी माणसाने धूळ निमूट खाल्ली हेही खोटं आहे. चैत्र-वैशाखात आमचा माणूस डोक्याला, नाकाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय दुचाकीला हात लावत नाही. संध्याकाळी तोच दुपट्टा धुऊन दोरीवर टाकतो. हा फिल्टर नाही तर काय आहे? तो रोज धुतला जातो, कारण तो डोळ्यांसमोर असतो आणि स्वतःच्या तोंडावर असतो. चोचल्यांचा आरोप फक्त दुसऱ्याच्या फिल्टरवर होतो.

दुसरं उत्तर गॅरेजचं. “झटकून लावला की झालं.” किंवा त्याहून वाईट, “काढूनच टाका ना भाऊ, हवा जोरात येते.” कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टरवरची जाड धूळ उडते हे खरं. पण तंतूंत रुतलेली बारीक धूळ तिथेच राहते आणि जोराच्या हवेने कापडच फाटून भोकं पडतात. पाण्याने धुतला तर तंतूंवरचा विद्युतभार जातो. दिसायला तो स्वच्छ दिसतो, काम मात्र करत नाही. धुऊन वापरायचे वेगळे फिल्टर असतात, त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. आणि काढून टाकला तर हवा जोरात येते यात नवल काय? दार काढून टाकलं तर घरातही हवा जोरात येते. मग जी धूळ फिल्टरवर बसायची, ती एसीच्या ओल्या नळ्यांच्या जाळीवर बसते आणि तिचा चिखल होतो. ती साफ करायला डॅशबोर्ड खोलावा लागतो. चारशे रुपये वाचवून काही हजारांचं काम ओढवून घ्यायचं, ही काटकसर नाही.

तिसरं उत्तर साधं आणि प्रामाणिक आहे. “एसी बंद करा, काचा उघडा.” गावातल्या गावात, सकाळच्या वेळी, हे बरोबरच आहे. मीही काच उघडते. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, समोर डंपर आणि मागे ट्रक असताना, ताशी ८०-९० च्या वेगाने काच उघडून पाहा.

चौथं उत्तर मात्र वजनदार आहे. ते माझ्या एका सहकाऱ्याने दिलं. तो म्हणाला, “तू गाडीतल्या सात जणांच्या नाकाचं पाहतेस. रस्त्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई काय करेल? तिला कोणता फिल्टर? खरी लढाई धुळीशी आहे, फिल्टर म्हणजे पैसेवाल्यांनी काढलेली पळवाट.” हे मला पटतं, अर्धं. धूळ कमी झाली पाहिजे, रस्ते झाडले आणि शिंपले गेले पाहिजेत, ट्रकांवर ताडपत्री पाहिजे, पऱ्हाटी जाळणं थांबलं पाहिजे. पण या व्हॅनमध्ये बसणारे पैसेवाले कोण आहेत ते तरी पाहा. शिक्षक, नर्सा, कारकून, शाळेची पोरं, आणि ज्याला रोज १२ तास त्याच हवेत बसावं लागतं तो आठ-दहा हजारांचा चालक. पैसेवाला स्वतःच्या गाडीत बसतो आणि तिची सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे फिल्टर वेळेवर बदलला जातो आणि बिलात लागतोही. मरण भाड्याच्या गाडीचं आहे.

शिवाय बाजारानेही हा भेद आधीच केलेला आहे. आपल्या शहरांत शाळेची आणि भाड्याची म्हणून जी व्हॅन सर्वांत जास्त दिसायची, ती मारुती ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघत राहिली. तिच्यानंतर तिची जागा घेतली ईकोने. ती आली २०१० मध्ये. ईकोची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हा केबिनचा एअर फिल्टर हे तिचं नवं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं गेलं, आणि तेही एसी असलेल्या मॉडेलांपुरतं. म्हणजे गाळलेली हवा ही आजही गारव्याबरोबर मिळणारी वरकड चीज आहे. ज्या गाडीत फिल्टर नाही तिच्याबद्दल वेगळं भांडण करावं लागेल. पण जिच्यात तो आहे, तिच्यात तो असून नसल्यासारखा का?

*

आमच्या रस्त्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

अमरावती-अकोला रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. तो किती वर्षं रखडला, त्याने किती जणांची कंबर मोडली, हे बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत कोणालाही विचारा. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर विक्रम झाला. ३ ते ७ जून या काळात, १०५ तास ३३ मिनिटांत, एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा सलग थर टाकला गेला. ७२० माणसं पाळ्या लावून राबली. गिनीज बुकात नोंद झाली, कतारच्या नावावरचा आधीचा विक्रम मोडला. त्या दिवसांत आम्ही सगळे अभिमानाने फुगलो होतो, आणि फुगण्यासारखं ते होतंही.

पण या विक्रमाचा एक परिणाम आमच्या लक्षात आला नाही. रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा गाडी बैलगाडीसारखी चालायची आणि काचा उघड्या असायच्या. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, काचा बंद झाल्या, एसी लागला. तोपर्यंत शोभेपुरता असलेला फिल्टर त्या दिवसापासून सात जणांचं नाक झाला. चांगल्या रस्त्याने फिल्टरची गरज कमी नाही केली, वाढवली. रस्त्याचा थर १०५ तासांत टाकणारे आम्ही, दहा मिनिटांचं काम सहा वर्षं करू शकलो नाही. बांधण्याचा विक्रम होतो, निगा राखण्याचा विक्रम होत नाही. तिथे फीत कापायला काही नसतं.

हवेच्या बाबतीतही हेच. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांची यादी झाली, तिच्यात अकोला आणि अमरावती ही दोन्ही नावं आहेत. अमरावतीने नंतर जोर लावला. स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकवस्तीच्या शहरांत २०२३ मध्ये ती देशात पहिली आली, २०२५ मध्ये पुन्हा पहिली. हे श्रेय मी अमरावतीकडून हिरावून घेणार नाही. रस्ते झाडणाऱ्या, झाडं लावणाऱ्या हातांचं ते आहे. पण कार्यक्रम शहरांचा आहे, यादी शहरांची आहे, मोजणारी यंत्रं शहरांत आहेत. या दोन शहरांच्या मध्ये जे शंभरेक किलोमीटर आहेत, मळणीची, डंपरची, कापसाच्या तंतूंची ती हवा कोणाची? ती कोणत्याच महापालिकेची नाही. तिथे तुमच्या आणि त्या हवेच्या मध्ये डॅशबोर्डामागची ती एक चौकट आहे, बस्स.

आपल्याकडे बारीक धुळीची, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची, २४ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. हे आकडे चौकातल्या हवेचे. पण माणूस चौकात किती वेळ उभा असतो? आम्ही दिवसाचे तीन-साडेतीन तास गाडीत काढतो. त्या डब्यातल्या हवेला कोणताच आकडा नाही. गाडीच्या धुराड्यातून जे बाहेर जातं त्याची पीयूसी होते, ती नसेल तर दंड होतो. गाडीच्या आत जे माणसाच्या छातीत जातं, त्याची पीयूसी कोण करतं?

*

आता मला काय हवं ते सांगते, म्हणजे नुसतीच आदळआपट केली असं व्हायला नको.

परवाना घेऊन भाड्याने चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, हॉर्न पाहिले जातात. ज्या गाडीत केबिन फिल्टर आहे तिचा कप्पा उघडून तो पाहायला दोन मिनिटं लागतील. ती दोन मिनिटं त्या तपासणीत धरावीत.

शाळेच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमलेली आहे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. समिती अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी पाहते. चांगलं आहे. पण आग कधीतरी लागते, श्वास रोज लागतो. जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीनंतर मळणीची धूळ ओसरल्यावर, असे वर्षातून दोनदा समितीने फिल्टर काढून पाहावेत. पालकसभेत टेबलावर जुना फिल्टर ठेवावा. भाषणाची गरज पडणार नाही.

आणि आपण, भाडं देणारे. आपलं काम सर्वांत सोपं आहे आणि तेच आपण केलेलं नाही. व्हॅन लावताना आपण भाडं, वेळ, सुट्टीच्या दिवसांचे पैसे यावर घासाघीस करतो. त्यात एक ओळ घाला, की केबिन फिल्टर मालक बदलेल, वर्षातून दोनदा. गाड्यांच्या माहितीपुस्तकात साधारण दहा-पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदला असं असतं, आणि धुळीच्या भागात त्याहून लवकर. आमची गाडी महिन्याला पाच हजार चालते, म्हणजे वर्षातून दोनदा हेही कमीच आहे. मधूनमधून कप्पा उघडून पाहावं. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण असतो तो पाहून बसवावा, उलटा बसवू नये. चौकटीवर पेनाने तारीख लिहावी. काचेखालच्या जाळीतली पानं हाताने काढावीत. गाडी उन्हात तापलेली असेल तर पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून निघावं, आणि लांबच्या रस्त्यावर ते आतल्या हवेचं बटण अधूनमधून सोडावं. डंपरच्या मागे असताना दाबावं, डंपर गेला की सोडावं. यातलं काहीही अवघड नाही. कूलरचं गवत भरण्याहून सोपं आहे.

ज्या जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले, ज्या जिल्ह्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्या जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या मला हे लिहावं लागतं याची मौज वाटते. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, कीर्तन नंतर. आम्ही कीर्तन तेवढं ठेवलं.

यंदा होळीनंतर आमच्या घरचा कूलर निघाला त्याच रविवारी आम्ही सातही जण गाडीपाशी जमलो आणि फिल्टर बदलला. पैसे मालकाने दिले, जरा कुरकुरत. जुना काढलेला पाच महिन्यांचा होता आणि तरी काळा होता. मग मी जुन्या भाऊंना फोन केला. पाचशे रुपये परत द्यायचे होते, आणि कशाचे ते सांगायचंही होतं. त्यांनी ऐकून घेतलं. हसले. पैसे नको म्हणाले, मग राहू द्या म्हणाले, मग पाठवा म्हणाले.

“आता शाळेची व्हॅन चालवतो ताई मी,” ते म्हणाले. “तिच्यातबी असाच वास हाय. पोट्टे म्हणतात, काका, मोज्याचा वास येते. म्या म्हणलं तुमचेच मोजे असतीन.”

मी विचारलं, किती मुलं बसतात?

“तेरा,” ते म्हणाले, आणि समोरच्या कप्प्याच्या दोन्ही बाजू नेमक्या कुठे दाबायच्या ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.